ओपन प्लॅन घरातली बैठक: पाहुणे ओट्यापाशीच का उभे राहतात?

ऐसपैस

नव्या घरात राहायला येऊन आठ महिने झाले. मधे भिंती नाहीत. दार उघडलं की आधी स्वयंपाकघर, मग जेवणाचं टेबल आणि टोकाला बैठक. सगळं मिळून ३० फूट लांब, १८ फूट रुंद, छत ९ फुटांवर. कागदावर नकाशा पाहिला तेव्हा मी हरखून गेले होते.

मला बैठक साधी हवी होती, शोरूमसारखी नको. म्हणून पांढऱ्या भिंती, करडा सोफा भिंतीला लावून, समोरच्या भिंतीवर टीव्ही, टोकाच्या खिडकीपाशी दोन खुर्च्या, छतात बारा गोल दिवे. बस्स. फोटोत फार सुंदर दिसतं. पण तिथे कोणी बसत नाही! पाहुणे येतात, सोफ्याकडे एकवार बघतात आणि ओट्याला टेकून उभे राहतात. परवा सहा जण अडीच तास उभे होते. "अरे बसा ना" असं मी पाच वेळा म्हटलं. सहाव्यांदा म्हटलं नाही, कारण तोवर मीही ओट्यालाच टेकले होते.

भिंत बांधायची नाहीये आणि सामानाची गर्दीही करायची नाहीये. साधी, पण "या, बसा" म्हणणारी बैठक कशी करतात? माझं नेमकं काय चुकतंय?

दीड_शहाणा

सोफा ओट्यापाशी नेऊन ठेवा. प्रश्न मिटला.
(दिवे घ्या, म्हणजे गंमत समजून हलकं घ्या.)

ऐसपैस

आधीच बारा आहेत, अजून किती घेऊ?

सुतारपक्षी

तीन गोष्टी सांगा. सोफ्याच्या पुढच्या कडेपासून टीव्हीची भिंत किती फुटांवर? बाल्कनीकडे जायची वाट कुठून जाते? आणि सोफ्यावर बसलं की ओट्यापाशी उभा असलेला माणूस दिसतो का?

ऐसपैस

आत्ता टेप घेऊन मोजलं. १५ फूट. बाल्कनीचं दार टोकाला खिडकीशेजारी, म्हणजे वाट सोफा आणि टीव्हीच्या मधून. ओटा दिसतो, पण मान पूर्ण वळवावी लागते.

सुतारपक्षी

मग तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे.

एडवर्ड हॉल नावाचा मानववंशशास्त्रज्ञ होता. माणसं एकमेकांपासून किती अंतर राखून वागतात याचा त्याने १९६०च्या दशकात अभ्यास केला. निरीक्षणं अमेरिकेतली आहेत, तरी अंदाज बांधायला उपयोगी पडतात. चार ते बारा फूट हे त्याच्या मते परक्या-ओळखीच्यांशी बोलायचं अंतर. त्याच्या आत दीड ते चार फूट, ते आपल्या माणसांचं. बारा फुटांच्या पुढे गेलात की ते भाषणाचं अंतर. तुमचा सोफा आणि समोरची भिंत यांच्यात १५ फूट मोकळे. म्हणजे तुम्ही बैठक नाही, सभागृह मांडलंय. माझ्या कामातला अनुभव असा की समोरासमोरची तोंडं आठ-नऊ फुटांपलीकडे गेली की लोक आवाज चढवतात, आणि थोड्या वेळाने कंटाळून उठतात.

ओपन प्लॅनमध्ये बहुतेक जण हीच चूक करतात. जागा मोठी, म्हणून फर्निचर भिंतींना चिकटवून मधला मैदानभर भाग मोकळा सोडतात. सोफा भिंतीपासून ओढून पुढे आणा. त्याच्या मागून तीन फुटांची वाट काढा, बाल्कनीकडे जाणारा तिकडून जाईल. आत्ता तो तुमच्या गप्पांच्या मधून जातो, आणि वाटेच्या काठावर कोणाला बसवतं?

सोफा ते टीपॉय ४० ते ४५ सेंटिमीटर. याहून जास्त ठेवलंत तर कप ठेवायला कमरेत वाकावं लागतं, कमी ठेवलंत तर गुडघे आपटतात. टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा इंचभर कमी.

आणि जड सामान हलवण्याआधी वर्तमानपत्रं मापात चिकटवून जमिनीवर अंथरा. सोफ्याचा कागद, खुर्चीचा कागद, टीपॉयचा कागद. दोन दिवस त्या कागदांना वळसा घालून चाला. जिथे पाय कागदावर पडतो तिथे उद्या पोटरी आपटणार आहे.

गच्ची_वाली

सुतारपक्षी, बाकी सगळं पटलं, पण सोफा भिंतीपासून सोडवताना एक धोका आहे. आम्ही मोठ्या हौसेने सोफा मधे घेतला आणि त्याची पाठ आली नेमकी दाराकडे. येणाऱ्याला पहिल्यांदा काय दिसतं, तर सोफ्याची पाठ, आणि तीही स्टेपलच्या पिना मारलेलं काळं कापड. घरात शिरल्या शिरल्या कोणी आपल्याकडे पाठ फिरवावी तसं वाटायचं. वर्षभर तसेच राहिलो, मग काटकोनात फिरवला.

सुतारपक्षी

बरोबर. दाराकडची बाजू उघडी हवी, येणाऱ्याला आत शिरायला जागा दिसली पाहिजे. आणि सोफा मधे ठेवायचा असेल तर पाठीला पुढच्यासारखंच कापड लावून घ्या. भिंतीला लागणाऱ्या सोफ्याची पाठ करणारे कारागीरच तशी सोडतात, त्यात त्यांची फसवणूक नसते.

जुनी_वही

पाहुणे ओट्यालाच का चिकटतात याचं माझ्याकडे एक स्पष्टीकरण आहे. जे ॲपल्टन नावाच्या भूगोलतज्ज्ञाने १९७५ साली मांडलं होतं की माणसाला अशी जागा आवडते जिथून समोरचं सगळं दिसतं पण स्वतःची पाठ झाकलेली असते. निसर्गदृश्यं आपल्याला का आवडतात या संदर्भात तो बोलत होता, पण खोलीलाही ते चपखल बसतं. आता ओट्यापाशी उभं राहून बघा. कमरेला टेकण आहे. दारातून कोण येतंय ते दिसतं. काहीतरी शिजतंय, म्हणजे बोलायला विषय नसला तरी बघायला आहे. हाताला चाळा आहे. सगळ्यांत महत्त्वाचं, घरची बाई किंवा बुवा तिथे आहे!

तुमचा सोफा यातलं काय देतो? पाठीला भिंत देतो, एवढंच. पुढे १५ फूट मोकळं रान.

ऐसपैस

हे वाचून मी उठून खरंच ओट्यापाशी उभी राहिले. बरोबर आहे हो. तिथे मला घर माझं वाटतं. सोफ्यावर बसलं की दवाखान्यात नंबर यायची वाट बघत असल्यासारखं वाटतं.

भिंतवाला

मी वेगळं मत नोंदवतो. ओपन प्लॅन हाच मुळात खुळा प्रकार आहे. तळणीचा वास उशांत, मिक्सरचा आवाज फोनमध्ये, कुकरची शिट्टी बातम्यांच्या मधे. आपल्या पूर्वजांना भिंत परवडत नव्हती तेव्हा ते एका खोलीत राहत. परवडली तेव्हा बांधली. आता आपण पैसे मोजून पाडतोय. घर पहावं बांधून म्हणतात, पाडून पहावं असं कोणी म्हटलेलं नाही.

एक भिंत घाला, सगळे प्रश्न संपतील.

जुनी_वही

भिंतवाला, तुमचा आयडी बघता निःपक्षपाती मताची अपेक्षा नव्हतीच. :)

पण ज्यांनी भिंती काढल्या त्यांनी खोल्या काढल्या नव्हत्या, हे विसरलं जातं. वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटचं शिकागोतलं रोबी हाउस, १९१०चं. बैठक आणि जेवणाची जागा एकाच लांबलचक दालनात, पण मधे शेकोटीचं भक्कम बांधकाम उभं. त्याच्या वरच्या भागात मोकळी चौकट ठेवलीय, तिच्यातून पलीकडचं छत सलग दिसतं. म्हणजे बसल्यावर वेगळं, नजरेला एक. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचं श्रोडर हाउस, १९२४. वरचा मजला दिवसा सलग, रात्री सरकत्या फळ्या ओढल्या की निरनिराळ्या खोल्या. वास्तुविशारद मीस व्हॅन डर रोहेचं चेक देशातल्या बर्नो इथलं टुगेंडहाट घर, १९३०. एक सरळ ऑनिक्स दगडाची भिंत, जेवणाच्या टेबलाभोवती काळसर लाकडाची अर्धगोल भिंत, आणि बाकी पडदे. सगळ्यांनी काही ना काही आड धरलंच आहे.

ऐसपैस यांनी भिंती काढल्या आणि बदल्यात काहीच ठेवलं नाही. तिथे घोटाळा आहे.

गच्ची_वाली

अवांतर: मला तर ती खोलगट बैठक आवडते. वास्तुविशारद एरो सारिननने अमेरिकेतल्या कोलंबसच्या मिलर हाउसमध्ये केली आहे, १९५७चं घर. मोठ्या मोकळ्या दालनात मधेच जमीन चौकोनी खाली उतरते आणि चारी बाजूंनी बैठक. उभं राहून बघितलं तर दालन सलग, बसलं की घरटं. त्या बैठकीच्या उशा-खोळी म्हणे ऋतूनुसार बदलायचे.

दीड_शहाणा

आमच्या नात्यातल्या एकाने केली होती. दुसऱ्याच महिन्यात रात्री पाणी प्यायला उठले आणि न बोलावता बैठकीत जाऊन बसले. पायाला प्लास्टर. आता तिथे कठडा आहे. म्हणजे भिंतवाल्यांचा विजय.

काजवा

मला आल्यापासून ते "बारा गोल दिवे" टोचतायत. ऐसपैस, त्यांचा रंग कोणता? खोक्यावर केल्विनचा आकडा असेल. आणि बटणं किती?

ऐसपैस

४०००. बटण एक. बाराच्या बारा एकदम लागतात. स्वयंपाकघरातले धरून.

काजवा

अरे देवा.

सविस्तर लिहितो, कारण घरं सगळ्यांत जास्त इथे फसतात आणि दुरुस्तीही इथेच सोपी असते.

मेणबत्तीचा उजेड १९०० केल्विनच्या आसपास, जुन्या तारेच्या बल्बचा २७००. आकडा चढेल तसा उजेड निळसर पांढरा होत जातो. ४००० ऑफिसला ठीक, भाजी चिरायला ठीक. बैठकीत २७०० लावा, फार तर ३०००. खोक्यावर सीआरआय नावाचा दुसरा आकडा असतो, त्यात १०० म्हणजे वस्तूंचे रंग अगदी खरे दिसणार. ९०च्या खालचा दिवा घेऊ नका. कमी सीआरआयच्या दिव्यात माणसं आजारी दिसतात आणि लाकूड मेलेलं.

पण रंगापेक्षा जागा महत्त्वाची. डोक्यावरून सरळ खाली पडणारा उजेड डोळ्यांच्या खोबणीत, नाकाखाली, हनुवटीखाली सावल्या पाडतो. समोरचा दहा वर्षांनी म्हातारा दिसतो आणि त्याला आपण तसेच दिसतो. अशा उजेडात कोण बसेल? त्यात सगळा भाग सारखाच उजळ, त्यामुळे कुठे बसावं हे नजरेला कळतच नाही. उजेडाचे डबके हवेत. सोफ्याच्या टोकाला एक उभा दिवा, खुर्चीशेजारी एक टेबलावरचा, एखादा भिंतीकडे तोंड केलेला. बसलेल्या माणसाला बल्ब दिसता कामा नये, म्हणजे शेडची खालची कड साधारण डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून ११० सेंटिमीटरच्या आसपास.

आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून बारा दिव्यांचे तीन भाग करून घ्या: ओटा, टेबल, बैठक. तिन्हींना डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण. बल्ब डिमरवर चालणारे आहेत ना ते आधी बघा, नाहीतर लुकलुकतील. पाहुणे आले, काम आवरलं की ओट्यावरचे दिवे मंद करा. माणसं आपोआप उजेडाकडे सरकतात. पाच वेळा "बसा ना" म्हणावं लागणार नाही.

दीड_शहाणा

काजव्याने दिवे घेतले. _/\_

चुनखडी

पांढऱ्या भिंतींबद्दल कोणीच बोललं नाही अजून. पांढरा हा एक रंग नाही. कशात निळा असतो, कशात पिवळा, कशात किंचित गुलाबी. डब्याच्या झाकणावर कळत नाही, भिंतीवर गेल्यावर उमटतो. ४००० केल्विनचे दिवे, करडा सोफा आणि निळसर पांढरी भिंत एकत्र आली असेल तर दवाखाना का वाटला ते समजलं.

सलग जागेत आणखी एक अडचण. एकच रंग खिडकीपाशी एक दिसतो आणि तीस फूट आत, ओट्यापाशी, दुसराच. म्हणून इवल्याशा नमुन्यावर निवडू नका. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारा, तो पुठ्ठा सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. थेट भिंतीवर ठिगळं मारू नका, शेजारचा जुना रंग डोळ्याला फसवतो.

माझा सल्ला: किंचित मातकट पांढरा, छतालाही तोच. साधेपणा म्हणजे रंग कमी, पण पोत भरपूर. खरखरीत विणीचं कापड, तेल दिलेलं लाकूड, जाडसर लिनन. सगळंच गुळगुळीत असलं की हात कुठे ठेवायचा कळत नाही.

घुमट

ऐसपैस, बैठकीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि काय ऐकू येतं ते इथे लिहा.

ऐसपैस

वाजवली. मागोमाग "टर्रर्र" असा बारीक, पत्र्यासारखा आवाज आला. मुलगा खोलीतून बाहेर येऊन विचारून गेला, आई, बरी आहेस ना.

घुमट

वाटलंच होतं. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे घेतोय. जमीन टणक, भिंती टणक, काच टणक. सहा माणसं बोलली की प्रत्येकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दावर चढतो, म्हणून सगळे जवळ जवळ सरकून उभे राहतात. उभं राहण्याचं हे तिसरं कारण समजा.

यामागची गोष्ट मजेशीर आहे. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह नवंकोरं असूनही वापरता येईना. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबीन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत एकेक वाढवत जायच्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते कानाने ऐकून मोजायचं, आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी. त्यातून आवाज विरायला लागणारे सेकंद काढायचं जे सूत्र निघालं ते आजही वापरतात: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषणाचं माप म्हणजे एक चौरस मीटर उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

तुमची जागा १३७ घनमीटर. सध्या शोषण १४ च्या आसपास धरलं, तर आवाज विरायला दीड सेकंदाहून जास्त. जाड गालिचा खाली अस्तर घालून, खिडकीला दुप्पट चुण्यांचे जड पडदे, एका भिंतीला पुस्तकं आणि कापडी खुर्च्या यांनी आणखी १० मिळवलेत तर ०.९ सेकंद. हा फरक कानाला लगेच कळतो. पातळ पडद्यांचा उपयोग नाही, ते फक्त दिसायला.

भिंतवाला

म्हणजे शेवटी मऊ भिंतच बांधताय.

घुमट

हो. पण हिला प्लॅस्टर लागत नाही.

बोका_पांढरा

गालिच्याबद्दल अनुभवाचे बोल. आमच्याकडे दोन बोके. लूप विणीचा गालिचा आणला, पंधरा दिवसांत नखांनी धागे उपसून वर काढले, शेतात अंकुर फुटावेत तसे. नंतर कापलेल्या तंतूंचा घेतला, तो चार वर्षं टिकून आहे. सोफ्यालाही तेच. सुट्या, जाड विणीचं कापड बोक्याला खेळणं वाटतं. आम्ही दाट विणीचं मखमलीसारखं घेतलं, त्यात नख अडकत नाही. कापड घेताना मार्टिनडेल नावाचा घासण्याच्या चाचणीचा आकडा विचारा. रोजच्या वापराला २५,०००च्या पुढचा घ्या.

रंग पांढऱ्या केसांच्या रंगाचा. हाच खरा मिनिमलिझम.

सुतारपक्षी

गालिच्याचं माप राहिलं. सोफा सात फुटी असेल तर गालिचा दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर यायला हवा, आणि सोफ्याचे-खुर्च्यांचे निदान पुढचे पाय तरी त्यावर. म्हणजे ८ × १० फुटांपेक्षा लहान नको. भिंत नाही तिथे गालिच्याची कड हाच खोलीचा उंबरा.

आजी_ऑनलाइन

अगं ऐसपैस, तुम्ही सगळी तरुण मंडळी अंतरं मोजताय, दिवे मोजताय. एक विचारू? तुझ्या सोफ्याची उंची किती?

आजकालचे सोफे जमिनीलगत आणि खोल. त्यात मी बसले की माझे पाय लोंबतात, नाहीतर पाठ टेकत नाही. आणि उठायचं म्हणजे दोन जणांनी हात द्यायचा. मागच्या महिन्यात एका घरी गेले होते. सोफा बघितला आणि म्हटलं, मी उभीच बरी, गुडघे धरलेत म्हणून. खोटं बोलले. बसले तर उठता येणार नाही, ही भीती होती. तिथे मी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घेतली. तिला हात नव्हते, पण उंची होती.

मग बाकीचे बसले का? नाही. वडीलधारं माणूस दूर खुर्चीत आणि आपण सोफ्यात, असं कोणाला बरं वाटतं? सगळे माझ्याभोवती उभे.

ऐसपैस

आजी, मोजलं. बैठकीची उंची ३६ सेंटिमीटर, खोली ६८. परवाच्या सहा जणांत माझ्या सासूबाई होत्या. आता आठवतंय, त्या आधी उभ्या राहिल्या आणि मग सगळे.

मला खरंच रडू येतंय, कारण त्यांना मी तीनदा म्हटलं "अहो आई, बसा ना" आणि त्या हसून "असू दे गं" म्हणाल्या.

आजी_ऑनलाइन

रडू नकोस. सोफा नको बदलूस, एक खुर्ची आण. ४५ ते ४८ सेंटिमीटर उंच, हात भक्कम, आणि हात पुढच्या कडेपर्यंत आलेले, म्हणजे रेटून उठता येतं. फोम टणक. आणि ती खुर्ची कोपऱ्यात टाकू नकोस, सगळ्यांच्या मधे ठेव. "ही तुमच्यासाठी" असं मात्र सांगू नकोस कोणाला.

गच्ची_वाली

आजी, शेवटच्या वाक्याला _/\_. धाग्याची वाचनखूण साठवली.

टोचणी

सगळं छान चाललंय, पण "साधी" या शब्दावर मला बोलायचंय. फोटोतली साधी खोली साधी नसते. तिथले चार्जर, रिमोट, औषधं, बिलं, अर्धवट विणलेलं स्वेटर हे सगळं कॅमेऱ्यामागे ढकललेलं असतं. ओपन प्लॅनमध्ये ढकलायला दुसरी खोलीच नाही. म्हणजे तुम्ही रोज संध्याकाळी घर आवरून "साधं" करणार. आठ महिने केलंत, अजून किती करणार?

माझ्या घरी मी उलट केलं. सोफ्यामागे एक फूट खोल, झाकणाची लांबट पेटी. पसारा त्यात. वर दिवा आणि चालू असलेली पुस्तकं, ती दिसू देत. आलेल्या माणसाला एखादी वाचली-वापरलेली वस्तू दिसली की तो सैल होतो. जिथे काहीच विस्कटलेलं नाही, तिथे आपणच विस्कटू की काय म्हणून माणूस अवघडतो.

चुनखडी

+१. पण एखादी. नाहीतर आमच्या घरासारखं होतं, तिथे आलेला माणूस इतका सैल होतो की वस्तूंच्या ढिगाऱ्यात सापडत नाही.

काजवा

टोचणींच्या पेटीवरचा तो दिवा म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीमागची वाट आणि खांदे यांच्यातला आडोसा. जुनी_वही म्हणतात ती "झाकलेली पाठ" याने थोडी साधेल. प्लग पॉइंट मात्र तिथे जमिनीत नसेल, त्याचं बघा. गालिच्याखालून वायर नेऊ नका. पायांखाली घासून तिचं आवरण फाटतं आणि वर गालिचा असल्याने कळतही नाही.

भिंतवाला

आणि वास? त्यावर सगळे मूग गिळून गप्प.

घुमट

वासावर एकच: चिमणी बाहेर हवा सोडणारी हवी. कोळशाच्या जाळीतून हवा गाळून परत घरात सोडणारी असेल तर वास कमी होतो, पण ओलावा आणि उष्णता घरातच राहते. तळण सुरू करायच्या आधी लावा, नंतर दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. आणि कुठलीतरी एक खिडकी किलकिली ठेवा. आत हवा आली नाही तर ती बाहेर काय टाकणार?

दीड_शहाणा

टीव्ही कुठे ठेवायचा यावर कोणी भांडलं नाही, हा धागा मराठी आहे ना नक्की?

सुतारपक्षी

५५ इंची असेल तर कर्णाच्या दीड ते अडीच पट, म्हणजे सात ते साडेअकरा फूट. सोफा पुढे आला की तोही प्रश्न आपोआप सुटतोय. भांडण रद्द.

ऐसपैस

धागा वर काढतेय. दीड महिना झाला, काय काय केलं ते सांगायचं राहिलं होतं.

आधी फसलेलं सांगते. गालिचा मी ५ × ७ चा आणला, कारण मोठा बघून छाती दडपली. अंथरला तर मैदानात हातरुमाल वाळत घातल्यासारखा दिसला. सुतारपक्षींचं ऐकायला हवं होतं. मग ८ × १० चा आणला. एक डिमर बदलावा लागला, दिवे खरंच लुकलुकत होते (काजवा, तुम्ही सांगितलं होतं, मीच बघितलं नाही). पडद्यांचं कापड अजून निवडतेय.

सोफा भिंतीपासून चार फूट पुढे. मागे टोचणींची पेटी, तिच्यामागे तीन फुटांची वाट. समोर आता ११ फूट. जुन्या दोन खुर्च्या खिडकीला पाठ करून काटकोनात, त्यामुळे त्यांत बसलेल्याला ओटा आणि दार दोन्ही दिसतं, आणि येणाऱ्याला त्यांची तोंडं दिसतात. ओट्याकडची बाजू मोकळी. आजींनी सांगितलेली खुर्ची मधे, ४६ सेंटिमीटर. भिंतींचा रंग तोच ठेवलाय, कारण २७०० चे दिवे लावल्यावर तो निराळाच दिसायला लागला. चुनखडी, माफ करा.

परवा तीच मंडळी पुन्हा आली. मी कोणाला बसा म्हटलं नाही. ओट्यावरचे दिवे मंद केले आणि आत जाऊन आले, तर सासूबाई त्या खुर्चीत बसलेल्या. मग बाकीचे. दोघं तरीही ओट्यापाशीच राहिले, पण ते आमच्या भावाचे मित्र आहेत, त्यांना बहुधा कुठेच बसता येत नाही. आणि सोफ्यावर एक जण बसल्या बसल्या झोपला.

दीड_शहाणा

मग उठवलंत की नाही?

ऐसपैस

छे. त्याच्या बाजूचा दिवा बंद केला आणि हळू बोलायला लागलो. टर्रर्र आवाजही आता येत नाही, घुमट.

आजी_ऑनलाइन

सासूबाई उठताना कशा उठल्या?

ऐसपैस

एकट्या, आजी. हात रेटून.

बोका_पांढरा

तो ५ × ७ चा गालिचा कापलेल्या तंतूंचा आहे का? असेल तर आणि पडून असेल तर विपु (विचारपूस) करा. बोक्यांसाठी विचारतोय.